घराशी आलेल्या मधमाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की माझा फोन वाजू लागतो. ‘गॅलरीत मोहोळ लागलंय, जरा येऊन बघता का?’ मी पुण्यात राहतो. गच्चीवर सातेरी माशांच्या दोन पेट्या आहेत आणि तेवढ्या भांडवलावर आसपासच्या सोसायट्यांनी मला मधमाशांचा वैद्य ठरवून टाकलंय. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. माझा कल कुठे आहे तेही आधीच सांगतो: बहुतेक वेळा माशांना काहीच करावं लागत नाही, माणसांना आवरावं लागतं.

गॅलरीत मधमाशा आल्यात. सगळ्यात आधी काय करायचं?

दार लावून घ्या आणि चहा टाका. खरंच. माशा आल्या म्हणजे त्या तुमच्यावर चालून आल्या असं नाही. त्या टेकायला किंवा जागा बघायला आल्यात. झाडू नाहीतर पाण्याचा पाइप घेऊन धावणारा माणूसच पहिला डंख खातो. त्या बाजूची दारं-खिडक्या बंद करा, दाराखालच्या फटीला टॉवेल लावा, लहान मुलं आणि कुत्रं आतल्या खोलीत ठेवा. मग काचेआडून, झूम करून, फ्लॅश न लावता एक फोटो काढा. पुढचं सगळं त्या फोटोवर ठरतं. फोन ‘मधमाशी’ म्हणून येतो आणि जाऊन बघावं तर कधी आग्या असते, कधी फुलोरी, कधी गांधीलमाशी. एकदा तर झोपाळ्याच्या बांबूत घर केलेला एकटा भुंगा निघाला होता.

पण कोणती माशी आहे हे आम्हाला कसं कळणार?

माशीपेक्षा पोळं बघा. ते कुठे आणि कसं लागलंय यावरून नव्याने बघणाऱ्यालाही कळतं.

उंचावर, उघड्यावर, स्लॅबखाली, छज्ज्याला, पाण्याच्या टाकीला किंवा वडा-पिंपळाच्या जाड फांदीला एकच मोठं अर्धगोल पोळं लोंबतंय आणि त्यावर माशांचा काळपट पडदा आहे, तर ती आग्या. आपल्याकडची सगळ्यात मोठी मधमाशी. पोळं हात-दीड हात रुंद सहज होतं आणि मोठ्या पोळ्यावर पन्नास हजारांच्या वर माशा असू शकतात. खालून बघताना त्या पडद्यावर पाण्यासारखी लाट सरकताना दिसली, तर समजा की आपण किंवा दुसरं कुणीतरी फार जवळ गेलंय. मागे फिरा.

जास्वंदीच्या झुडपात किंवा खिडकीच्या ग्रिलला तळहाताएवढं एकच पोळं आहे आणि काडी त्याच्या वरच्या भागातून आरपार गेलीय, तर ती फुलोरी. चणीने लहान, स्वभावाने भित्री.

झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीत, उपड्या ठेवलेल्या माठात, म्हणजे अंधारात, एकामागे एक समांतर पोळी असतील तर ती सातेरी. आपल्याकडच्या डोंगरी भागात पेट्यांतून पाळतात ती हीच. आग्या आणि फुलोरी उजेडात एकच पोळं बांधतात, सातेरी अंधारात अनेक बांधते. एवढं लक्षात ठेवलं तरी कुणी ‘तुमचं आग्यामोहोळ पेटीत भरून नेतो’ म्हणाला की त्याला किती कळतं ते तुम्हाला कळेल. आग्या पेटीत राहत नाही.

भिंतीच्या भेगेतून काळसर, चिकट मेणाची बारीक नळी बाहेर आलीय आणि मुंगीएवढ्या माशा तिच्यातून ये-जा करतायत? ती पोया. तिची नांगी नावापुरतीच असते, डंख मारता येत नाही. फार छेडलं तर केसांत शिरून चावते. तिला राहू द्या, आणि रंगकाम करणाऱ्याला ती नळी बुजवू नको म्हणून सांगा.

काल काहीच नव्हतं. आज सकाळी आंब्याच्या फांदीला माशांचा घोसच लटकलाय!

हा बहुधा प्रवासातला थवा असतो. वसाहत मोठी झाली की जुनी राणी निम्म्या-अर्ध्या कामकरी माशा घेऊन बाहेर पडते, वाटेत एखाद्या फांदीवर सगळा लवाजमा टेकतो आणि काही माशा नवी जागा शोधायला जातात. जागा पाहून आलेली माशी नाचून बाकीच्यांना पत्ता सांगते. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पत्त्यावर एकमत झालं की सगळा घोस उठतो आणि निघून जातो.

अशा थव्याला राखायला ना पिल्लं असतात ना मध, शिवाय निघताना प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन निघालेली असते. त्यामुळे छेडलं नाही तर ती सहसा शांत असते. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत जागा मोकळी होते. ओळखायची खूण एकच: घोसात पांढरं-पिवळं मेण दिसत नाही, नुसत्या माशा दिसतात. चौथ्या दिवशीही तिथेच असतील आणि आत पोळं दिसू लागलं असेल, तर त्यांनी मुक्काम ठोकलाय.

आमच्या सातव्या मजल्याच्या छज्ज्याला आग्यामोहोळ आहे. काढायलाच हवं ना?

या प्रश्नावर सोसायटीच्या सभेत भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

आग्या फिरस्ती आहे. पठारावरच्या शहरांत ती साधारण पावसाळा संपल्यावर येते, फुलोऱ्याचे महिने काढते आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की पोळं रिकामं करून निघून जाते. म्हणजे आज नोव्हेंबर असेल तर तुमचा पाहुणा काही महिन्यांचा आहे, आणि आज मे असेल तर तो सामान बांधतोच आहे. मेमध्ये पैसे देऊन पोळं काढणाऱ्यांची मला गंमत वाटते.

तेव्हा ‘पोळं आहे का’ यापेक्षा ‘पोळ्याला धक्का लागण्याजोगं काही आहे का’ हा खरा प्रश्न. सातव्या मजल्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथलं पोळं वर्षानुवर्षं बिनबोभाट राहतं. खालून माणसं जातात-येतात, माशांना त्यांचं काही नसतं. पण तेच पोळं गॅलरीच्या कठड्यापासून हातभरावर असेल, शाळेच्या मैदानाच्या वर असेल, किंवा त्या भिंतीला रंग लावायला पुढच्या आठवड्यात परांच्या बांधायच्या असतील, तर गोष्ट वेगळी. घरात कुणाला आधी डंखाची जोरदार अॅलर्जी झालेली असेल तरीही वेगळी.

पोळं ठेवायचं ठरलं तर काय सांभाळायचं? आग्या उठते ती बहुतेक वेळा धुराने, धक्क्याने किंवा दगडाने. झाडाखाली पालापाचोळा पेटवणं, होम, फटाके, पतंगाचा मांजा, ड्रोन. अंत्यसंस्काराला जमलेल्या लोकांवर माशा उठल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातही बऱ्याचदा वर झाडाला मोहोळ आणि खाली धूर असाच प्रकार असतो. शिवनेरीसारख्या गडावर आणि अजिंठ्यासारख्या लेण्यांतही कड्यांना मोहोळं असतात आणि तिथे पर्यटकांवर हल्ले झालेले आहेत. कधीकधी माणसाचा काहीच दोष नसतो: मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून तुकडा घेऊन जातो आणि चिडलेल्या माशा खाली जो सापडेल त्याला धरतात. म्हणून पोळ्याखाली मुलांचे झोपाळे, बाक, पार्किंगवाल्याची खुर्ची असलं काही ठेवू नका. एक पाटी लावा. वॉचमन आणि माळी या दोघांना स्वतः जाऊन सांगा, कारण पाचोळा पेटवणारे हात त्यांचेच असतात आणि सभेच्या नोटिशीवर त्यांचं नाव नसतं.

काढायचंच ठरलं. कुणाला बोलवायचं?

माशा अंगावर उठल्यात, माणसं अडकलीत, असा प्रसंग असेल तर अग्निशमन दलाला १०१ किंवा सरळ ११२ लावा. नुसतं पोळं काढायला बहुतेक ठिकाणी मधपाळ किंवा माशा न मारता पोळं हलवणारी माणसं शोधावी लागतात. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ती १९६२ पासूनची. तिथे शिकलेले लोक बरेच आहेत, विचारपूस तिथून सुरू करता येते.

येणाऱ्याला फोनवरच विचारा: माशा मारणार की उठवणार? जाळीची टोपी, हातमोजे, अंगभर पोशाख आणतो का? शेजारच्या इमारतींना आधी कळवणार का? काम झाल्यावर मेण खरवडून जागा धुऊन देणार का? ‘काही नको साहेब, दहा मिनिटांचं काम, मध माझा’ असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. त्याला मध हवाय. तुमच्या इमारतीत उठलेल्या माशांचं पुढे काय होतं ते बघायला तो थांबणार नाही.

हे ऐकीव नाही. काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका सोसायटीने असा माणूस आणला. रात्री आठला त्याने काठीला रॉकेलचा बोळा बांधून पलिता पेटवला आणि पोळ्याला लावला. निम्म्या माशा जळून पडल्या. उरलेल्या अंधारात उठल्या आणि उजेडाकडे गेल्या, म्हणजे ज्यांच्या घरात दिवा होता त्या प्रत्येकाच्या खिडकीकडे. जेवायची वेळ होती. तो माणूस मधाचा डबा घेऊन केव्हाच गेला होता. आठवड्याभरात वाचलेल्या माशांनी तिथेच, त्याच डागावर, पुन्हा पोळं धरलं.

मीच स्प्रे मारला तर?

आग्यावर? नको. झुरळांचा स्प्रे पोळ्यावर मारलात तर पहिल्या थरातल्या माशा पडतील आणि पडताना त्या इशाऱ्याचा वास सोडतील. पिकलेल्या केळ्यासारखा असतो तो. त्या वासावर आतले थर उठतात. तुम्ही स्टुलावर, हातात डबी, मागे बंद दार.

भिंतीतल्या सातेरीवर मारलात तर आणखी वेगळी फजिती. माशा मेल्या तरी मध, मेण आणि पिल्लं आतच राहतात. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, मध पाझरून भिंतीला डाग येतात, मागोमाग मुंग्या, मेणकिडा आणि कुजकट वास. शेवटी भिंत फोडावीच लागते. मग आधीच फोडलेली काय वाईट?

मग भिंतीतल्या किंवा मीटरच्या पेटीतल्या सातेरीचं काय करायचं?

हिचं सगळ्यात बरं, कारण ही सांभाळून दुसरीकडे नेता येते. जाणकार माणूस संध्याकाळच्या सुमाराला येतो, हलका धूर देतो, पोळी एकेक कापून लाकडी चौकटींना दोऱ्याने नाहीतर केळीच्या सोपटाने बांधतो आणि पेटीत ठेवतो. राणी पेटीत गेली की बाकीच्या माशा आपोआप मागे येतात. राणी सापडेपर्यंत मात्र त्याच्याशी गप्पा मारू नका. फुलांच्या हंगामात हलवलेली वसाहत सहसा तग धरते. भर पावसाळ्यात हलवली तर त्यांना बाहेर खायला फारसं नसतं आणि सातेरी रागावून पेटी सोडून जाण्यात पटाईत आहे.

भिंत फोडता येत नसेल तर ये-जा करायच्या भोकावर जाळीचं नरसाळं बसवतात: रुंद तोंड भिंतीकडे, अरुंद बाहेर. बाहेर पडलेल्या माशीला परत आत जायची वाट सापडत नाही. याला आठवडे लागतात आणि मध आतच राहतो, म्हणून हा दुसऱ्या पसंतीचा उपाय.

मीटरच्या पेटीत असतील तर मधपाळाच्या आधी वीजवाल्यांना सांगा. विजेच्या पेटीत कापाकापी करायची नसते.

ग्रिलला लागलेलं फुलोरीचं पोळं मुलांच्या हाताशी आहे.

फुलोरी सोपी. पोळं काडीसकट कापून, हळू नेऊन, जवळच्याच बागेत सावलीच्या झुडपात तशाच उंचीवर बांधतात. सवयीचा माणूस अर्ध्या तासात करतो. ग्रिलच्या लोखंडी गजाला असेल तर गज कापता येत नाही, तिथे पोळं सोडवून घ्यावं लागतं. ते तुम्ही करू नका. हाताशी नसेल तर राहू द्या. तुमच्या कारल्या-काकडीच्या वेलाला तिच्यामुळे फळ धरतं आणि ती स्वतःहून बस्तान हलवतेच.

संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की घरात माशा येतात, सकाळी फरशीवर मेलेल्या दिसतात. जवळपास पोळं तर नाही!

आहे, तुम्हाला दिसत नाहीये. ही आग्या. बाकीच्या मधमाशा दिवे लागायच्या वेळी घरी परततात. आग्या मात्र उतरत्या उजेडात आणि चांदण्या रात्रीही उडते. दिवा तिला फसवतो. त्याच्याभोवती घिरट्या घालून दमते आणि पडते. सकाळी अनवाणी चालताना पाय पडला तर मरायला टेकलेली माशीही डंख मारते, आणि मुलांना डंख बसतो तो बहुतेक असाच.

दिवेलागणीला त्या बाजूच्या खिडक्या लावा किंवा डासांची जाळी बसवा, पडदे ओढा. बाहेरचे पांढरे झगझगीत दिवे बदलून पिवळे, मंद लावा. घरात आलीच एखादी तर खोलीतला दिवा बंद करून बाहेरच्या गॅलरीतला लावा, ती निघून जाईल. सकाळी आधी झाडू, मग मुलांना खाली सोडा.

गाडीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात. रंगकाम कुठेच चालू नाही.

सांगायला जरा संकोच वाटतो, पण ती माशांची विष्ठा आहे. आग्याच्या पोळ्यावरच्या माशा ठरावीक वेळी एकदम उठतात, चक्कर मारतात आणि हलक्या होऊन परत येतात. पिवळा रंग पचलेल्या परागाचा. रंगाला, तब्येतीला धोका नाही, ओल्या फडक्याने निघतं; वाळून कडक होऊ देऊ नका. गाडी वीसेक पावलं पलीकडे लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

उन्हाळ्यात एसीच्या पाण्यावर, कुंड्यांच्या ताटलीत, टाकीच्या झाकणावर माशा जमतात.

पाणी न्यायला येतात. पोळं तापलं की माशा आत पाण्याचे थेंब पसरून पंखांनी वारा घालतात; त्यांचा वाळ्याचा पडदाच म्हणा. एकदा पाण्याची जागा लक्षात राहिली की ती सोडत नाहीत, म्हणून मार्च लागायच्या आधीच गच्चीच्या कोपऱ्यात, वापरापासून लांब, उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा. खडे हवेतच, नाहीतर माशा बुडतात. पाणी रोज बदला, डासांसाठी. आणि टपकणारे नळ तेवढे दुरुस्त करून घ्या. पाण्यावर आलेली माशी पोळं राखत नसते, अंगाखाली सापडली नाही तर ती तुम्हाला विचारतही नाही.

दाराच्या चौकटीत भुंगा भोक पाडतोय.

लाकूड तो खात नाही, फक्त पोखरतो. खाली भुसा पडलेला दिसतो. बोटाच्या पेराएवढ्या गोल भोकात मादी अंडी घालते. तोंडासमोर येऊन घूं-घूं करत भेडसावतो तो नर, त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती वापरत नाही. भोक रिकामं झालं की लांबी भरून वर रंग किंवा व्हार्निश द्या. रंगवलेल्या लाकडाच्या वाटेला तो सहसा जात नाही. आणि दहा-बारा रुपयांचा जुना बांबू त्याला कोपऱ्यात टांगून दिलात तर चौकट वाचू शकते.

गांधीलमाशीलाही असंच राहू द्यायचं का?

इथे माझा हात जरा आखडतो. गांधीलमाशी एकाच वेळी अनेक डंख मारू शकते, मधमाशीसारखी नांगी गमावून मरत नाही. ती अळ्या मारून बागेचं भलं करते हे खरं, पण जिन्याच्या वळणावर, दाराच्या वर, मुलांच्या सायकलींजवळ पोळं असेल तर जाणकाराकडून काढून घ्या. नुकतं चार-सहा घरांचं असताना काढणं सोपं, मोठं झाल्यावर नाही. कोपऱ्यातलं मातीचं घरटं मात्र कुंभारमाशीचं. ती एकटी असते, कुणाच्या वाटेला जात नाही. ती उडून गेली की सुरीने खरवडून टाका.

माशा अंगावर आल्याच तर?

पळा. हात झाडत उभं राहू नका, खाली बसू नका, झोपू नका. शर्ट किंवा ओढणी डोक्यावरून ओढून तोंड, नाक, डोळे झाका, पाय दिसतील एवढं उघडं ठेवा आणि जवळच्या बंद जागेत शिरा: घर, दुकान, गाडी. दोन-चार माशा सोबत आत आल्या तरी चालेल, बाहेर हजारो आहेत. आग्या शंभर-दोनशे मीटर सहज पाठलाग करते, त्यामुळे कोपऱ्यावर वळून ‘सुटलो’ म्हणू नका. विहिरीत किंवा तलावात उडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत थांबतात, तुम्हाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि माशांऐवजी पाण्याने जीव जायचा. अंगावर बसलेली माशी चिरडू नका, तोच केळ्याचा वास.

दुसरं कुणी सापडलं असेल तर नुसतेच मदतीला धावू नका, आधी स्वतः जाड घोंगडी, चादर घ्या आणि त्या माणसावर टाका. आणि बांधलेली जनावरं विसरू नका. दाव्याला बांधलेला बैल, साखळीतलं कुत्रं पळू शकत नाही. जाता-जाता दावं सोडता आलं तर सोडा, कापावं लागलं तर कापा.

डंख बसला. चुना लावू का? आजी लोखंड घासायला सांगते.

आजीच्या शब्दाबाहेर जायची माझीही हिंमत होत नाही, पण चुना नको. विष कातडीखाली गेलेलं असतं, चुना वरच राहतो आणि फोड उठवतो तो वेगळाच. लोखंडाने नुकसान नाही, थंड लागतं एवढाच काय तो फायदा.

खरं काम पहिल्या काही सेकंदांत असतं. मधमाशीची नांगी काटेरी असते. ती विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि माशी उडून गेल्यावरही आत विष ढकलत राहते. नखाने खरवडा, चिमटीने ओढा, कसंही करा, पण लगेच काढा. पद्धतीवर वाद घालण्यात जो वेळ जातो त्यातच विष जास्त जातं. मग साबण-पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, बोटावर डंख असेल तर सूज चढायच्या आत अंगठी काढा. त्या जागी दोन-तीन दिवस सूज आणि खाज राहणारच, ती अॅलर्जी नव्हे. खाजेच्या गोळीबद्दल नेहमीच्या डॉक्टरांना विचारा.

दवाखान्यात कधी न्यायचं?

डंख हाताला आणि पित्त अंगभर उठलंय. ओठ, जीभ, डोळे सुजतायत. आवाज बदलला, छातीत घरघर. उलट्या, चक्कर, अंग गार. यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, १०८ लावा. हे बहुधा काही मिनिटांत ते अर्ध्या तासात सुरू होतं आणि एका डंखानेही होऊ शकतं. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसतं करा. उलटी होत असेल तर कुशीवर. उठवून चालवत नेऊ नका. यावरचं औषध म्हणजे मांडीत दिलेलं अॅड्रिनलीनचं इंजेक्शन, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांमुळे उपचार अवघड होतात.

घशात किंवा तोंडात डंख बसला असेल (उसाच्या रसाच्या ग्लासातून माशी तोंडात जाते, हसू नका), तर अॅलर्जी नसली तरी जा.

तिसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. खूप डंख बसलेला माणूस तासाभराने ठणठणीत दिसतो आणि घरी येतो. पण एवढं विष स्नायू आणि रक्तपेशी फोडतं आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो, कधी दुसऱ्या दिवशी. लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याची खूण. म्हणून अंगभर डंख असतील तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जायचं, रक्त-लघवी तपासायची आणि डॉक्टर म्हणतील तितका वेळ थांबायचं. मूल आणि म्हातारं माणूस असेल तर थोड्या डंखांनाही हाच नियम.

पोळं गेलं. पुन्हा तिथेच लागू नये म्हणून काय करायचं?

आग्या वर्षानुवर्षं त्याच जागी येते. जुना मेणाचा डाग तिला आवडतो. म्हणून माशा गेल्यावर पत्र्याने मेण खरवडा, गरम साबणपाण्याने घासा आणि वर रंग द्या. सातेरीसाठी फटी सिमेंटने बुजवा, पोकळ्यांवर बारीक जाळी लावा, रिकामे माठ-डबे-खोकी उपडी करून गच्चीवर ठेवू नका. डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचा धूर यांच्या पाककृती मला रोज कुणीतरी पाठवतं. रिकाम्या जागेला त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही. लागलेल्या पोळ्याखाली धूर केलात तर काय होतं ते वर लिहिलंय.

मध खाता येईल का?

त्या पोळ्यावर कधीच काही फवारलं नसेल याची खात्री असेल तरच. इमारतीवरच्या पोळ्याबाबत ती खात्री क्वचितच देता येते. पोळं पिळून काढलेल्या मधात पिल्लं, पराग सगळंच पिळलं जातं, आणि आग्याच्या मधात पाणी जास्त असल्याने तो बाटलीत आंबतो. झाकण उडालं तर दचकू नका. एक वर्षाखालच्या बाळाला कुठलाच मध देऊ नका, चाटवूही नका. बारशाला आलेल्या मावशीने आग्रह केला तरी.

घरात मोहोळ लागणं शुभ की अशुभ?

दोन्ही सांगणारे मला भेटलेत, एकाच जिन्यात. माशांनी वारा-पाऊस लागणार नाही, पुरेशी उंची आहे आणि आसपास फुलं आहेत एवढं पाहिलंय.

मोहोळाचं झाडच तोडून टाकलं तर कटकट मिटेल?

शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगी लागते, आणि ‘माशा येतात’ एवढ्या कारणावर ती मिळेल अशी आशा धरू नका. तोडलंत तर पुढच्या वर्षी त्या तुमच्या छज्ज्याला येतील.

एवढं वाचून मलाच पेटी ठेवावीशी वाटतेय.

आधी घरात आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे विचारा, कुणाला डंखाची अॅलर्जी आहे का. असेल तर विषय तिथेच सोडा. नसेल तर आधी शिका, पेटी नंतर घ्या. पुण्यातल्या संस्थेत प्रशिक्षण मिळतं. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. जमलं तर महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला एक दिवस जाऊन या. २०२२ साली ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, आणि तिथली माणसं पेटी उघडताना हात किती सावकाश हलवतात ते बघण्यासारखं आहे. पेटी सातेरीची घ्या, गच्चीच्या अशा कोपऱ्यात ठेवा की तिचं दार कठड्याकडे असेल, म्हणजे माशा निघतानाच उंच उडतील आणि वाळवणाच्या वाटेत येणार नाहीत. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी. माझी पहिली वसाहत मुंग्यांनीच खाल्ली होती.